वारंवार बंद पडणारा संगणक : दोषाचा शोध



एखादे यंत्र एकदाच आणि कायमचे बंद पडले, तर त्याचा निकाल लावणे सोपे असते. कठीण प्रसंग येतो तो अधूनमधून बंद पडणाऱ्या यंत्राचा. सकाळी ते सुरळीत चालते, दुपारी काम ऐन रंगात आले असता एकाएकी निळा पडदा दाखवते किंवा काहीच न दाखवता काळे होते, आणि जाणकार माणूस तालुक्याहून येऊन समोर बसला की पुन्हा गुणी बालकासारखे वागू लागते. वैद्याच्या दारात पाऊल टाकताच दुखणे थांबावे, तसा हा प्रकार होय.

अशा संगणकाच्या बाबतीत शाळांतून सामान्यतः दोन मार्ग अवलंबिले जातात. पहिला मार्ग म्हणजे त्यातील सर्व मजकूर पुसून प्रणाली नव्याने भरणे. बाजारात यालाच 'फॉरमॅट मारणे' असे म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे यंत्रावर कापड पांघरून ते कोपऱ्यात ठेवणे आणि यथाकाल निर्लेखनाच्या यादीत त्याचे नाव घालणे. पहिल्या मार्गात शाळेची माहिती जाते, दुसऱ्यात शाळेचे यंत्र जाते. आणि पुष्कळदा मूळ दोष मात्र सादिल खर्चात सहज बसेल एवढाच असतो. या व्याख्यानाचा विषय तो दोष शोधण्याची रीत हा आहे.

विषय समजण्यास एका द्विशिक्षकी शाळेतील हकीकत उपयोगी पडेल. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी जुन्या जनरल रजिस्टरातील नोंदी संगणकावर उतरवून घेण्याचे काम हाती घेतले होते. दाखला मागावयास येणाऱ्या माणसाला तासभर ताटकळावे लागू नये, हा त्यांचा हेतू. काम निम्म्यावर आले आणि संगणक बंद पडू लागला. कारागिराने येऊन व्हायरस असल्याचे निदान केले आणि फॉरमॅट मारला. बाईंनी टंकलेल्या नोंदींची दुसरी प्रत कोठेही नव्हती, त्या गेल्या. बाईंनी काम पुन्हा पहिल्या पानापासून आरंभिले. दोन महिन्यांनी यंत्र पुन्हा बंद पडू लागले. कारागीर पुन्हा आला, निदान तेच झाले आणि उपायही तोच झाला. या वेळी मात्र बाईंनी प्रत काढून ठेवली होती. तिसऱ्या खेपेस कारागिराने 'आता नवीनच घ्या' असा सल्ला दिला. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, बाईंना यंत्र हाताळता येत नाही, असाही सूर एका सभासदाने काढला. हा आरोप जितका सोपा, तितकाच तो खोडून काढणे अवघड.

येथे एक गोष्ट प्रथम सांगावयास हवी. यंत्र संशयास्पद वागू लागताच पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, तर प्रतीचे असते. जे काही त्यात आहे ते पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावे, आणि जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नये, दोन्ही ठेवाव्यात. असे का, ते पुढे स्पष्ट होईल.

दुसरे काम म्हणजे वही. यंत्राशेजारी एक साधी वही ठेवावी, आणि प्रत्येक वेळी यंत्र बंद पडताच तारीख, वेळ, त्या क्षणी चाललेले काम, यंत्र सुरू करून किती वेळ झाला होता, पडद्यावर काय दिसले, वीज गेली-आली होती काय, आणि खोलीत उकाडा होता काय, एवढे लिहावे. संगणकाच्या इतिहासात अशा वहीचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. दिनांक ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या गणकयंत्रात बिघाड झाला. शोध घेता एका विद्युत्-रिलेमध्ये पतंग अडकून मेलेला सापडला. यंत्र चालविणाऱ्यांनी तो पतंग वेळेसह आपल्या नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. बिघाडाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची रीत त्याहून जुनी. पण प्रत्यक्ष किडा सापडल्याची ही नोंद मोठ्या मौजेची आहे. आपल्याकडील शाळांतून पतंगाची जागा मुंग्या, पाली आणि उंदीर घेतात, इतकाच फरक.

वही चार-सहा नोंदींची झाली की ती वाचावयास बसावे. प्रथम प्रश्न हा की, दोष प्रणालीचा की यंत्राच्या अवयवांचा? प्रणालीचा दोष सहसा एकनिष्ठ असतो. तेच काम केले की तेथेच अडखळतो आणि पडद्यावर तोच शब्द दाखवतो. दिनांक १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. विमानतळ आणि रुग्णालयेही अडून बसली. त्या सर्व यंत्रांचा दोष एक आणि कोसळण्याचे कारणही एकच होते. अवयवांचा दोष याच्या उलट चंचल असतो. आज छायाचित्र उघडताना, उद्या पत्र टंकताना, परवा नुसते उभे असताना. आणि निळ्या पडद्यावरील संकेतशब्दही दर वेळी निराळा. असे चित्र वहीत दिसले, तर फॉरमॅट मारण्याने काही साधावयाचे नाही. भिंतीला ओल धरली असता नुसता रंग देण्यासारखेच ते होय.

याची खात्री करून घेण्यास एक उत्तम कसोटी आहे, आणि तिला पैसा लागत नाही. उबुंटूसारखी विनामूल्य प्रणाली पेनड्राइव्हवर भरून संगणक तिच्यावरून चालवावा. हे करताना तिला यंत्रात कायमची बसवू नये, नुसती चालवून पाहावी. यंत्र नेहमी ज्या वेळात बंद पडते तितका वेळ, नेहमीसारखेच काम त्यावर करावे. परक्या प्रणालीवरही ते तसेच कोसळले, तर विंडोज आणि व्हायरस या दोघांचीही सुटका झाली असे समजावे.

आता अवयवांकडे वळावयाचे. त्यांत पहिला मान विजेचा, कारण ग्रामीण भागात पहिला संशय तिच्यावरच घ्यावा लागतो. निळा पडदा न येता यंत्र क्षणात काळे होत असेल किंवा आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर वीज किंवा उष्णता यांपैकी एक कारण संभवते. संगणकाच्या स्वतःच्या नोंदीत अशा वेळी 'कर्नल-पॉवर ४१' असा शेरा आढळतो. तो वाचून पुष्कळजण वीजपुरवठाच बिघडल्याचा निष्कर्ष काढतात. परंतु यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढाच त्याचा अर्थ आहे. कारण तो सांगत नाही.

यूपीएसची परीक्षा अशी करावी : संगणकाऐवजी टेबलावरचा दिवा त्याला जोडावा आणि यूपीएसची भिंतीतील पिन काढावी. दिवा लगेच विझला, तर आतील बॅटरी निकामी झाली आहे. विजेच्या एका झोक्याने यंत्र का बंद पडत होते, त्याचे उत्तर मिळाले. पेटीच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. अशा वेळी संगणक बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावे, कारण तेथे प्रश्न मुलांच्या जिवाचा आहे. पेटीतील एसएमपीएस नावाचा डबा २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. तो थकला म्हणजे हलके काम निभते आणि जड काम येताच यंत्र मान टाकते. हा डबा मात्र कोणीही उघडू नये. पिन काढल्यानंतरही त्यात धोकादायक विद्युत्भार शिल्लक राहतो. शेजारच्या शाळेतील चालू डबा तात्पुरता लावून पाहणे, हीच त्याची परीक्षा. मदरबोर्डवरील नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली किंवा त्यांतून तपकिरी द्रव झिरपलेला दिसला, तर तो बोर्ड अखेरच्या घटका मोजत आहे असे समजण्यास हरकत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकातील कित्येक यंत्रे याच रोगाने गेली.

उष्णतेचा दोष ओळखणे त्यामानाने सोपे. यंत्र सुरू केल्यावर ठरावीक वेळाने बंद पडते, थोडे निवल्यावर पुन्हा चालते, आणि उन्हाळ्यात हा खेळ वाढतो. प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचला की स्वतःला वाचविण्यासाठी यंत्र बंद करतो. आपल्या शाळांत खडूची भुकटी, अंगणातील माती आणि कोळिष्टके पंख्याच्या पात्यांवर बसतात. मऊ ब्रशने ती काढावीत. पाते बोटाने धरून ठेवावे, फिरू देऊ नये.

बाईंच्या शाळेतही प्रथम हाच संशय आला. पेटी उघडली तो आत धुळीचा थर निघाला. तो साफ केला आणि यंत्र आठ दिवस एकदाही बंद पडले नाही. सर्वांना हायसे वाटले. नवव्या दिवशी सहलीची छायाचित्रे पाहत असता पुन्हा निळा पडदा आला. मधले आठ दिवस परीक्षेचे होते आणि यंत्रावर केवळ दोन-तीन पत्रे टंकली गेली होती, हे वहीवरून दिसले. म्हणजे दोष गेला नव्हता. त्याला प्रसंग आला नव्हता. वही नसती, तर धूळ हेच कारण होते आणि ती पुन्हा साठली, अशीच समजूत झाली असती. वहीत आणखी एक गोष्ट लिहिलेली होती : काही छायाचित्रे वरून निम्मी स्वच्छ आणि खाली करड्या पट्ट्यांची दिसू लागली होती. बाईंना त्याचा अर्थ त्या वेळी लागला नव्हता. पण ती त्यांनी लिहून ठेवली, हे मोठे काम झाले.

असा पुरावा स्मृतीकडे, म्हणजे रॅमकडे, बोट दाखवितो. रॅम हे यंत्राचे लिहिण्याचे पाटीसारखे स्थान आहे. काम चालू असता सर्व मजकूर त्या पाटीवर येतो आणि काम संपताच तेथून हार्ड डिस्कवर जातो. पाटीचा एखादा कोपरा टवका उडालेला असेल, तर तेथे लिहिलेले अक्षर नीट उमटत नाही. थोडा मजकूर असेल तेव्हा त्या कोपऱ्यापर्यंत हात पोचतच नाही. म्हणून पत्र टंकताना यंत्र चालते आणि पन्नास छायाचित्रे उघडताच कोसळते.

कोसळणे हा यातील लहान अनर्थ आहे. मोठा अनर्थ यंत्र कोसळत नाही तेव्हा घडतो. संगणक साधे इंग्रजी अक्षर किंवा अंक शून्य आणि एक या दोन खुणांच्या आठ घरांत लिहितो. '१' हा अंक तेथे ००११०००१ असा असतो. यातील एकच घर पालटले, तर शेवटचे पालटल्यास त्याचा '०' होतो, शेवटून दुसरे पालटल्यास '३', तिसरे पालटल्यास '५' आणि चौथे पालटल्यास '९'. जन्मतारीख १ जूनची ५ जून होते, आणि यंत्र काही बोलत नाही. १ जून ही तारीख गावोगावच्या गुरुजींनी किती जणांना बहाल केली आहे, हे येथे जमलेल्यांना सांगावयास नको. परंतु ती निदान गुरुजींनी जाणूनबुजून दिलेली असे. सदोष रॅम जी तारीख देईल तिचा कर्ता कोणीच नसतो. आणि असा बिघडलेला मजकूर चांगल्या प्रतीवर चढवला, तर चांगली प्रतही गेली. म्हणूनच जुनी प्रत वेगळी राखावयाची.

ही केवळ कल्पना नव्हे. दिनांक १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील स्कारबेक येथे यंत्राद्वारे मतदान झाले. मोजणीत एका उमेदवाराला शक्य असतील त्याहून अधिक मते पडलेली दिसली. पुन्हा मोजता ४,०९६ मते जास्त असल्याचे आढळले. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात. अर्थात स्मृतीतील एकच घर पालटलेले. प्रणालीत कोठेही चूक सापडली नाही, आणि अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे ते घर पालटले असावे, असा तर्क तज्ज्ञांनी केला. शाळेच्या यंत्रात मात्र आकाशाकडे पाहण्याची गरज क्वचितच पडते. टोरांटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्यांनी तपासलेल्या रॅमपट्ट्यांपैकी शेकडा ८ हून अधिक पट्ट्यांत वर्षभरात चुका दिसल्या, आणि त्यांचे मूळ बहुतांशी पट्टीतील कायम दोषातच असावे, असे अनुमान निघाले. मोठ्या सर्व्हरमधील रॅम अशी चूक ओळखून दुरुस्त करते. शाळेला मिळणाऱ्या साध्या संगणकात ती सोय सहसा नसते.

रॅमच्या परीक्षेसाठी विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नॉस्टिक' नावाचे साधन आहे. त्याहून कसोशीने तपासणारे 'मेमटेस्ट ८६ प्लस' हे विनामूल्य साधन पेनड्राइव्हवरून चालते. ते संध्याकाळी लावून रात्रभर चालू द्यावे. एका फेरीने समाधान मानू नये. एकही चूक निघाली तरी रॅम नापास. येथे शेकडा पस्तीसला उत्तीर्ण करण्याचा नियम नाही. पण चूक निघाली म्हणून लगेच नवी पट्टी विकत आणू नये. यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास पेटीला हात न लावता विक्रेत्याला कळवावे. मुदत संपली असल्यास यंत्र बंद करून पिन काढावी, सुरू करण्याची कळ काही क्षण दाबून ठेवावी, पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, आणि मग पट्टी काढावी. तिच्या सोनेरी दातांवर मळ असल्यास स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवावा आणि कण झटकून ती पुन्हा घट्ट बसवावी. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते. न भागल्यास एक पट्टी ठेवून परीक्षा घ्यावी, मग त्याच खाचेत दुसरी ठेवून घ्यावी, आणि शेवटी नापास झालेली पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पाहावी. दोष पट्टीबरोबर गेला तर पट्टी वाईट, खाचेपाशीच राहिला तर मदरबोर्ड वाईट. एका वेळी एकच वस्तू बदलावयाची. दोन बदलल्या आणि यंत्र चालू लागले, तर कशामुळे चालू लागले, हे कधीच कळत नाही.

हार्ड डिस्कविषयी थोडक्यात सांगावयाचे. यंत्र कोसळण्याऐवजी मिनिटभर गोठत असेल, फायली उघडण्यास विलंब लागत असेल, किंवा पेटीतून टकटक ऐकू येत असेल, तर संशय डिस्कवर घ्यावा. डिस्क 'स्मार्ट' नावाची स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. 'क्रिस्टल डिस्क इन्फो' या विनामूल्य साधनाने ती वाचता येते. गूगलने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तपासणीत पहिली चूक आढळलेल्या डिस्का त्यापुढील ६० दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कांच्या ३९ पट होता. त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांत महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही आधी दिसले नव्हते. तेव्हा धोक्याची सूचना मिळाली तर त्याच दिवशी प्रत काढावी. न मिळाली तरी निर्धास्त राहू नये.

रोज सकाळी तारीख मागे जात असेल, आणि त्यामुळे शासकीय संकेतस्थळे उघडत नसतील, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला आहे. तो घड्याळवाल्याकडेही मिळतो. यासाठी तालुक्याहून माणूस बोलावू नये.

बाईंच्या शाळेत मेमरीची परीक्षा शुक्रवारी संध्याकाळी लावली. शनिवारी सकाळी पडदा तांबड्या ओळींनी भरलेला होता. यंत्रात चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांपैकी एक दोन्ही खाचांत नापास झाली, दुसरी दोन्हींत निर्दोष निघाली. सदोष पट्टी काढून टाकली. यंत्र थोडे मंद झाले, पण पुढे बंद पडले नाही. बाईंनी ती वही समितीच्या बैठकीत ठेवली आणि नव्या यंत्राचा विषय मागे पडला.

राहिल्या त्या नोंदी. त्या सदोष पट्टीच्या काळातच टंकलेल्या असल्याने त्यांवर विसंबणे शक्य नव्हते. बाईंनी आणि त्यांच्या सहकारी गुरुजींनी चार दिवस शाळा सुटल्यावर बसून, एकाने कागदी रजिस्टर वाचावयाचे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावयाचे, अशा रीतीने सर्व नोंदी पडताळल्या. तीन ठिकाणी फरक निघाला. त्यांतील दोन आडनावांच्या चुका उघडच टंकताना झालेल्या होत्या. तिसरी नोंद एका मुलीच्या जन्मतारखेची होती. रजिस्टरात ११ आणि पडद्यावर १३. ते बोट चुकले की पट्टी, हे ठरविण्यास काहीच साधन नव्हते. बाईंनी रजिस्टराप्रमाणे ११ केले, समासात दुरुस्तीचा दिनांक घातला आणि खाली दोघांनी सह्या केल्या.